रोजची ओळ

जुईनगर,
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुगत,

जयभीम आणि आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत.

तू पहिलीत असतानाच्या सकाळी आठवतात का? दारात बसून तू बुटांच्या नाड्या बांधायचास आणि बाबा रोज तुला घराचा पत्ता विचारायचे. "येतो मला, रोज काय विचारता?" तू वैतागायचास. "येतो म्हणूनच विचारतो," ते म्हणायचे.

रविवारी तू हे विसरलास. फोनवर बोलले असते तर "आई, टेन्शन नको घेऊ" म्हणून मोकळा झाला असतास, म्हणून लिहिते आहे.

त्या जुन्या लॅपटॉपला नवीन काही पेलत नाही, म्हणून बाबांनी त्यावर पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स नावाचं हलकं सॉफ्टवेअर घेतलं. बंद केलं की ते सगळं विसरतं. आलेख काढायला लागणाऱ्या पायथनच्या लायब्ररी कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, हे त्याला रोज सकाळी एक ओळ टाइप करून सांगावं लागतं. मग बाबा रोज गच्चीवर जाऊन वहीत टिपतात त्या तापमानाचा आलेख उघडतो.

तू ती ओळ पेनड्राइव्हवरच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये कायमची घालून टाकलीस. कोणी मागितलं होतं? शाळेत सिस्टर आमच्याकडून दहा वर्षं तीच प्रार्थना म्हणून घेत होत्या. पाठ झाली, आता म्हणू नका, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. तू पुण्याहून दोन तासांसाठी आलास, बाबांना खुर्चीवरून उठवलंस, आणि वर म्हणालास, "बघा, किती सोपं."

सोमवारी आलेख आपोआप उघडला. बाबा कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिले. "अगं, हा आज मला काही विचारतच नाही." दिवसभर ते गच्चीवर गेले नाहीत.

कोणी मागितलं होतं, असं मी वर लिहिलं. मीच मागितलं होतं. जूनपासून त्यांची ओळ चुकते. फोल्डरचं नाव अर्धंच आठवतं, लायब्ररी सापडत नाही, मग मान खाली जाते. मला ते बघवेना. म्हणून तुला म्हटलं, काहीतरी कर. वाशीच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते मात्र तुला सांगितलं नाही. विस्मरणाचा आजार आहे, सुगत, आणि तो वाढत जाणार. "रोजचं जे हातात आहे ते काढून घेऊ नका," असंही त्या म्हणाल्या होत्या. पण आत्ताच का, असं तूही मला एकदा विचारलं नाहीस.

कालच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या क्षिप्राकडून तुझी ओळ काढून घेतली. "काकू, नक्की? दादाने छान केलंय." "नक्की," म्हटलं. आज बाबांना तिसऱ्या प्रयत्नात जमलं. मी मागे उभी राहून एकच अक्षर सांगितलं. नंतर ते गच्चीवर गेले.

पुढच्या वेळी आलास की त्यांच्या शेजारी बस. हात लावू नकोस.

ज्या दिवशी मी सांगूनही त्यांना जमणार नाही, त्या दिवशी लॅपटॉप क्षिप्राला दे. तापमानाच्या वह्या तू घे, अक्षर त्यांचं आहे. ओळ मी पाठ केली आहे. ती माझ्याकडे राहील.

तुझ्यावर आणि स्वतःवर रागावलेली,
तुझी आई