कायद्यात साडू नाही

३ फेब्रु. १९९८

रुग्णालयातल्या समाजसेविका बाईंनी माझे किडनी देण्याचे कागद परत दिले. "काका, साडू कायद्यात बसत नाही." नवरा-बायको, मुलं, आईबाप, सख्खी भावंडं. संपली यादी.

कुंदाचा, म्हणजे दत्ताच्या बायकोचा, माझ्या मेहुणीचा, रक्तगट जुळत नाही. त्याचे आईबाप हयात नाहीत, भावाला साखर. मुलं अजून शाळेत. माझा गट ओ, कुणालाही चालणारा. तपासण्या सगळ्या पास. पण मी कोण? तर साडू!

दत्ता डायलिसिस करून आलेला. बाकावर डोळे मिटून म्हणतो, "राहू दे रे नाना. तुझी किडनी आत बसून तुझ्यासारखीच कटकट करेल."

कागद घडी करून खिशात घातले. कायदा स्वतः वाचायचा.

१० फेब्रु.

सापडलं!! कायद्याची प्रत कोर्टाजवळच्या दुकानातून आणलेली. सगळी इंग्रजी. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं शब्दकोशातून आणि स्वतःच्या हट्टाने. रोज केळींना पाणी सोडून वाचायला बसलो. कलम ९, पोटकलम ३. जवळचं नातं नसलं तरी जिव्हाळ्यापोटी अवयव देता येतो, सरकारी समितीने आधी मंजुरी दिली तर. जिव्हाळा, चक्क कायद्यात! खाली पट्टीने रेघ मारली.

बाईंना फोन. "मार्ग आहे काका, पण कडक. विक्रीचा संशय घेतात." घेऊ देत.

सौ. भाकरी थापत होती. वळून न बघता म्हणाली, "जिव्हाळा आहे का पण? आमच्या कुंदाच्या लग्नात मानाच्या टोपीवरून रुसून बसला होतात."

टोपी खरंच लहान होती. असो.

१ मार्च

दत्ताच्या फ्लॅटवर तालीम. (उमेळे गावातली स्वतःची केळीची वाडी त्याने बिल्डरला दिली, त्याच जागेवर तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्या हॉलखाली कुठेतरी वाडीची बुजवलेली विहीर आहे. मी बोलत नाही.) समितीला संशय कुठे येणार ते आधीच हेरलं: तो कंपनीत नोकरीला, मी वाडीवाला, म्हणजे त्याने मला विकत घेतला. त्यावर उत्तरं तयार केली, दोघांकडून घटवून घेतली, स्वतःही पाठ केली. "ते आम्हाला सख्ख्या भावासारखे आहेत, पैशाचा प्रश्नच येत नाही." कुंदा 'सख्ख्या' विसरते. परत परत म्हणवून घेतलं.

दत्ता: "नाना, मेलो तरी चालेल, पण ही शाळा आवर."

आवरली नाही.

४ मार्च

घात झाला.

समितीने आत एकेकाला बोलावलं. आधी दत्ता, मग कुंदा, शेवटी मी. माझं वाक्य संपलं तसा अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "तिघंही शब्दन् शब्द एकच बोललात. कुणी पढवलं?"

मी ताठ बसून सांगितलं, "मी, मॅडम."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मग उमगलं. किडनीचे दलालसुद्धा असंच पढवून आणतात. निर्णय राखून ठेवला, पुन्हा बोलावतील.

रिक्षात दत्ता हसून हसून खोकला. पाय सुजलेले, चप्पल हातात. मला हसू आलं नाही. उत्तरं सगळी बरोबर होती, तरी...

१७ मार्च

दत्ताला अचानक न्यावं लागलं. पोटॅशियम चढलं, हृदय अडखळलं. डॉक्टर म्हणाले, असंच परत झालं तर वाचेल असं सांगता येत नाही.

केळ्यात पोटॅशियम फार, म्हणून त्याला केळं साफ बंद. कुंदाच्या घरात केळ्याचं सालसुद्धा येत नाही. मग आलं कुठून?

घरी येऊन माळा बघितला. सुकेळीची पुडी जागेवर. राजेळी केळी आम्ही उन्हात वाळवतो, सुक्या पानात गुंडाळतो, केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सुक्या सालीच्या, दोरीने बांधतो. पुडीवरची गाठ माझी नव्हती. रविवारी तो आला होता, माळ्याखालीच लवंडला होता.

आजारी माणसाला काय बोलायचं. गिळलं.

२६ मार्च

मंजूर! मंजूर!

या वेळी समितीने आम्हा दोघांना एकत्र बसवलं. तालीम नाही. अध्यक्षबाईंनी सहज विचारलं, "पथ्य पाळता ना?"

दत्ता: "अगदी काटेकोर."

माझा ताबा सुटला. "खोटं! माझ्या माळ्यावरची सुकेळी चोरून खाल्लीस!"

"एकच खाल्लं."

"तीन! मी मोजून बांधतो."

"मोजून बांधतोस म्हणूनच चोरावं लागतं. मागितलं असतं तर दिलं असतंस?"

"नसतं! तू मेलास तर मी ही किडनी कुणाला देऊ?"

मग दोघेही घरच्या बोलीत घसरलो. ते इथे लिहीत नाही. समितीतल्या एका डॉक्टरांनी मध्येच विचारलं, सुकेळी म्हणजे काय. दोघांनी एकदम सांगितलं, तेही वेगवेगळं. दत्ताला अजून वाळवायची रीत माहीत नाही.

अध्यक्षबाई तोंडावर हात धरून बसलेल्या. मला म्हणाल्या, "आता सांगा, हे तुमचे कोण?"

पाठ केलेलं वाक्य आठवेना. म्हणालो, "चोर."

बाहेर थांबायला सांगितलं. कुंदा देवाचं नाव घेत होती, दत्ता माझ्याकडे बघत नव्हता. मग समाजसेविका बाई कागद घेऊनच आल्या. "मॅडम म्हणाल्या, असं भांडण कुणी पढवू शकत नाही."

सही, शिक्का, जावक क्रमांक. दोनदा तपासलं. सगळं चोख.

१९ एप्रिल

दोघेही दाखल. खाटा शेजारी. उद्या सकाळी आधी मी आत, मग तो.

दत्ताने डॉक्टरांना विचारलंच, "नंतर सुकेळी खाता येईल?" ते म्हणाले, "नवी किडनी काय म्हणते ते बघू."

"ती याची," दत्ता माझ्याकडे बोट दाखवून, "ती मोजूनच देणार."

सौ. पिशवी घेऊन खुर्चीत बसलीय. आत नवी पुडी. गाठ माझी, दुहेरी. मी लिहितोय, आणि दत्ताची नजर सारखी पिशवीकडे.