नळाखालची ओली जागा

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, अविवाहित, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या धाकट्या भावाला तो लागेल.

१. माझा सूक्ष्मदर्शक मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेला द्यावा. सिस्टरांनी तिथे पहिल्यांदा कांद्याचा पापुद्रा दाखवला, तेव्हा मी भिंगावरचा डोळा काढेचना. मागच्या मुली माझी वेणी ओढत होत्या. तेवढी गर्दी माझ्याभोवती पुन्हा झाली नाही.

२. दोन कपांचा चहाचा संच भावजयीला. त्यातला एक कप नवाच आहे.

३. आईवडिलांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा भावाला. अट एकच: मागच्या अंगणात नळाखाली जी ओली जागा आहे, तिच्यावर सिमेंट घालू नये.

फोनवर तो म्हणालाच होता, "ताई, माती ती माती. ट्रकभर आणून टाकतो तुझ्या दारात!"

म्हणून कारण लिहिते. आई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. जखमेत शिरलेल्या जंतूंवर एकही प्रतिजैविक चाललं नाही. पुढे मी त्या नळाखालची चमचाभर माती प्रयोगशाळेत नेली. तिच्यातल्या एका जिवाणूने तसल्याच जंतूंना जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत रोखून धरलं. आमचे सर म्हणाले, "बाकीचा कचरा काढा, याला एकटा वाढवा." एकटा तो छान वाढला, पण औषध बनवायचा थांबला. शेजारी मातीतला कोणी दुसरा असला तरच तो ते बनवतो, हे मी परोपरीने सांगितलं. सरांनी काम बंद केलं. मी त्यांना माफ केलेलं नाही, याची नोंद असावी.

तो जिवाणू अजून प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये जिवंत आहे. त्याचा शेजारी मला सापडला नाही; मातीतले बहुतेक जिवाणू आमच्या बशीत वाढायलाच तयार नसतात. आता माझ्याने जिना उतरवत नाही. सापडला तर तो त्या नळाखालीच सापडेल. औषध होईलच, असं मी म्हणत नाही.

४. प्रयोगशाळेतली माझी जुनी सहकारी, जिला सगळे चिमणी म्हणतात, ती हा शोध पुढे नेणार आहे. तिला माती घ्यायला अंगणात येऊ द्यावं. ती फार बोलते, ऐकून घ्यावं.

५. भावजय त्या चिखलात घसरून मनगट मोडून बसली, त्यामुळे भावाचा राग रास्तच आहे. माझ्या बचतीतून आधी नळाला वळसा घालून फरशीची वाट आणि धरायला कठडा करावा. उरेल ते चिमणीच्या कामाला.

वकिलांनी विचारलं, "अट मोडली तर हिस्सा कोणाकडे जावा?" मी बराच वेळ विचार केला. आपल्या घरासाठी मला दुसरं कोणीच सुचलं नाही. म्हणून, धाकट्या, अट मोडलीस तरी हिस्सा तुझाच राहील.

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही)
२. प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाई (सही)
दोघांच्या समोर मी सही केली.

स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: ९ फेब्रुवारी

(सही)
ताई