कृपया आहेर आणू नये

सोलापूर

वैष्णवीच्या आजोबांना पाया पडते, पण रागात हाय. फोनवर तुमी नुसतं "व्हय व्हय" करता, म्हणून लिवते.

नातीचा ताप उतरला. आता भाकरी खाती आणि कायद्याचं पुस्तक घेऊन बसती. तुमचा खोकला कसा हाय? काढा फडताळात ठेवलाय, घ्या.

आपला अभिमन्यू झेडपीला उभा राहिला, बरं झालं. पण प्रचाराला ओढ्याकाठच्या कंपनीच्या गाड्या घेतल्या म्हणं. पोरगी बापावर लई चिडलीय. म्हणती, "आज्जे, कंपनीला मत न्हाई, मग तिचा पैसा निवडणुकीत कशाला? घटनेतच दुरुस्ती करून बंद केला पायजे."

मी म्हणलं, लग्नपत्रिकेवर छापत्यात तसं घटनेत छापा की, 'कृपया आहेर आणू नये'. आहेर घेतला की फेडावा लागतो. उद्या कंपनीनं ओढ्यात घाण सोडली, तर आपला लेक कुठल्या तोंडानं बोलणार?

घटना बदलंल तवा बदलंल. तुमी आधी गाड्या परत पाठवा.

लग्नात माझ्या बापानं दिलेली सायकल तुमी घेतली न्हाई, म्हणून जन्मभर त्याच्यासमोर ताठ बसलात. मला तुमचं तेवढंच आवडलं. लेकाला तेवढं शिकवा.

तुमच्या घरची,
बजाबाई