किल्लारीचा आकडा

८ डिसेंबर, सोमवार
अर्धापूर साडेअकरा. किल्लारी बारा.
सकाळी सहाला दादाला फोन. पहिल्याच रिंगला उचलतो, फोन हातात धरूनच बसलेला असतो बहुतेक. "सुमे, बारा. थंडी न्हाई पडायली बघ." मग मी वहिनीच्या गुडघ्यांची चौकशी करते, तो केळीची करतो, आणि "ठिव आता" म्हणतो. एवढंच. मी शिक्षिका म्हणून अर्धापूरला आले तेव्हापासूनचा शिरस्ता. फोन नव्हते तेव्हा दर आठवड्याला पोस्टकार्ड यायचं. वर "चि. सुमनला अनेक आशीर्वाद", खाली सात दिवसांचे सात आकडे, बाकी मजकूर शून्य. पोस्टमननं एकदा दबक्या आवाजात विचारलं होतं, "बाई, हे मटक्याचे तर न्हाईत ना?"
आज एक गोष्ट खटकली. किल्लारी नेहमी आमच्यापेक्षा दीड-दोन अंशांनी खाली असते. इतक्या वर्षांच्या वह्यांत तसंच आहे. यंदा वर कशी?

१२ डिसेंबर, शुक्रवार
अर्धापूर दहा. किल्लारी अकरा.
गोविंदराव जोरात आहेत. उमरीला मेडिकल आहे त्यांचं, पण गोळ्यांपेक्षा हवामानच जास्त विकतात. आमच्या "पारा" ग्रुपात खरं तर तिघंच: ते, मी आणि दादा. दादाकडे साधा फोन, म्हणून त्याचा आकडा मीच टाकते. गोविंदरावांच्या मोबाईलवर तीन ॲप. रविवारी एक म्हणतं पाच, दुसरं नऊ, तिसरं ढगाळ. त्यांनी पाच निवडलं. मी हसले आणि मनातल्या मनात मीही पाचच निवडलं. आम्हा तिघांनाही हवंय तेच. एकदा पारा इतका खाली यावा की दव गोठून गवतावर पांढरं दिसावं. आमचा मुलूख बर्फाचा नाही. तेवढं पांढरं आम्हाला हिमालयाएवढं.
ह्यांना सांगून ठेवलं, केळी सांभाळा.

१४ डिसेंबर, रविवार
अर्धापूर साडेतेरा! आभाळभर ढग. किल्लारी पण साडेतेरा.
ह्यांनी माझ्या शब्दावर पहाटे उठून केळीला पाणी सोडलं होतं, मुळं उबदार राहावीत म्हणून. साडेसातला आले ते स्वेटर काखोटीला मारून. "तुझ्या थंडीनं घाम फोडला मला." नातवालाही फोनवर सांगून झालं. संध्याकाळी शेजारच्यांना पण. आता शिवरात्रीपर्यंत हेच ऐकायचं.
गोविंदराव म्हणतात, ॲपचं चुकलं नाही, ढगांचं चुकलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार
अर्धापूर साडेनऊ. किल्लारी साडेअकरा.
दुपारी उन्हात गोधड्या टाकल्या आणि त्या सकाळचं पांढरं आठवलं. मी आठ वर्षांची, दादा सोळाचा. भूकंपाआधीच्या जुन्या गावचा आमचा मळा. दादा रात्री राखणीला असायचा. उजाडता उजाडता पळत घरी आला, मला झोपेतून उचललं, गोधडीसकट खांद्यावर टाकलं आणि परत मळ्याकडे पळाला. हरभऱ्यावर पांढरं पडलेलं. मीठ भुरभुरावं तसं. त्यानं बोटांनी खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं. "मूठ मीट. मायला दाखवू." मी घट्ट मूठ मिटून आले आणि घरी उघडली तर पाणी. माय म्हणाली, दव हाय ते. शाळेत सांगितलं तर गुरुजींनी खोटं बोलते म्हणून पट्टी मारली. दादा दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन गुरुजींशी भांडला. "माझी बहीण खोटं बोलत न्हाई." गुरुजींशी भांडणारा सोळा वर्षांचा पोरगा! त्या काळी!
मग पहिल्या पगारात मी दोन तापमापी आणले, एक मला, एक त्याला. माहेरी गेले की आमचा खेळ ठरलेला. तापमापी बघायच्या आधी अंगणातल्या शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवायचा आणि आकडा ओळखायचा. दादा चुकलाच तर अर्ध्या अंशानं. मी चार-चार अंशांनी.
ती थंडी राहिली नाही. का आपणच राहिलो नाही, देव जाणे.

२४ डिसेंबर, बुधवार
अर्धापूर साडेआठ. किल्लारी बारा.
गोविंदरावांशी वाजलं. म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण किल्लारीचा तापमापी बिघडलाय. बदलून घ्या, नाही तर तिकडचा आकडा टाकणं बंद करू. सगळी गंमत जाते." मी म्हटलं, तीन तीन ॲप रोज खोटं बोलतात त्यांना तुम्ही हाकलत नाही, आणि माझ्या भावाला हाकलता? ग्रुपातून बाहेर पडले. तासाभरानं त्यांनीच परत घेतलं.
रागाच्या भरात त्यांना कारणं पण दिली. तिकडं ऊस वाढलाय, पाणी वाढलंय, घरं वाढलीत, म्हणून ऊब राहते. बोलताना मलाच पटत गेलं. खरं काय ते मला तरी कुठं माहीत आहे.

२७ डिसेंबर, शनिवार
अर्धापूर आठ. किल्लारी साडेबारा.
साडेचार अंशांचा फरक. कसं शक्य आहे? दादाला म्हटलं, नीट पाहिलंस का? तो एकदम तडकला. "मग काय खोटं सांगायलो का मी?" असा कधी बोलत नाही. मागून वहिनीचा आवाज आला, "शेकोटीपसून उठा की आता, कवापसून बसलाव." इतकी शेकोटी लागते आणि साडेबारा?
आकडा वहीत लिहिला, पण पेनानं नाही. पेन्सिलीनं. लिहून झाल्यावर वाईट वाटलं. ज्या माणसानं माझ्यासाठी गुरुजींशी भांडण केलं त्याचा आकडा मी पेन्सिलीनं लिहिते.

२ जानेवारी, शुक्रवार
उद्या किल्लारीला जाते. माझा तापमापी आणि वही पिशवीत. दोन्ही तापमापी शेजारी शेजारी टांगायचे आणि गोविंदरावांचं तोंड बंद करायचं. सगळी ॲप म्हणतात रविवारी ढगाळ, चौदा. हे म्हणाले, "थंडी बघायला निघालीस आणि ढग बघून येशील." डब्यात मेथीचे पराठे दिले आहेत स्वतः करून. जाड झालेत, पण दिलेत.

३ जानेवारी, शनिवार. किल्लारी
नांदेडहून लातूर, लातूरहून जीप. चारला पोचले. दादा अंगणात बाजेवर बसलेला. वाळलाय. पायात लोकरी मोजे, उन्हात सुद्धा.
चहा व्हायच्या आत लिंबाखालची तापमापीची पेटी उघडली. रिकामी. आत चिमणीचं जुनं घरटं.
दादा म्हशीकडे बघतो म्हणून उठून गेला. वहिनीनं सांगितलं. गेल्याच्या आदल्या दिवाळीत म्हशीनं पेटीला धडक दिली, तापमापीचे तुकडे झाले. तेव्हापासून रोज सकाळी फरशीवर पाय ठेवायचा आणि मला आकडा सांगायचा. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? दुसरा पाठवला असता. वहिनी म्हणाली, "मी बी तेच म्हणले. तर म्हणतेत, नवा येईपस्तोर पोरगी फोन करनार न्हाई. आकडाच नसला तर कशाला करंल?"
दोन हिवाळे! अख्खे दोन हिवाळे माझ्या वहीत त्याचा पाय लिहिलाय.
राग आला. खूप आला. मग मोजून बघितलं, मागल्या हिवाळ्यात तर दीडाचा फरक बरोबर पडत होता. पाय बरोबर होता. मग यंदाच काय झालं? माझा तापमापी पेटीत टांगला. जेवताना दादानं भाकरी मला त्याच्या ताटातली दिली, लहानपणी द्यायचा तशी.

४ जानेवारी, रविवार. किल्लारी (हे लातुरात बसून लिहितेय)
साडेपाचला उठले. थंडी अशी की दात वाजत होते. आभाळ स्वच्छ, ढग औषधाला नाही. टॉर्च मारून पाहिलं: तीन.
परत पाहिलं. तीनच.
दादा बाहेर आला. मी काही सांगितलं नाही. त्यानं मोजे काढले, फरशीवर पाय ठेवले, नेहमीसारखे डोळे मिटले. मी म्हटलं, सांग. म्हणाला, "अकरा असंल. साडेअकरा."
मग फटफटलं, आणि परड्यापलीकडच्या हरभऱ्यावर पांढरं. अगदी तसंच. बांधावरच्या गवतावर सुद्धा. अठ्ठावन्न वर्षांनी. मी ओरडले, "दादा, पांढरं!" आणि त्याच्याकडे वळले तर तो हरभऱ्याकडे बघतच नव्हता. स्वतःच्या पायांकडे बघत होता. मग म्हणाला, "सुमे, मला गार न्हाई लागायलं गं."
त्यानं पाय उचलला. फरशीवर ओला ठसा. मला वाटलं दव असेल. दव नव्हतं.
उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. शेकोटीत भाजलेली, केव्हा भाजली त्यालाही माहीत नाही. मोज्याची लोकर तिला चिकटलेली. वहिनी रडायला लागली. शुगर "हाय थोडी" म्हणून तीन वर्षं टाळली होती म्हणे, गोळ्या मनाला येईल तेव्हा.
अनिलला फोन केला. दादाचा मुलगा, लातूरला नोकरीला. तो गाडी घेऊन आला. दहाला दवाखान्यात.
पांढऱ्याचा फोटो काढायचा राहून गेला. गोविंदराव आज नेमके झोपून राहिले, ॲपनं चौदा सांगितलं म्हणून.

५ जानेवारी, सोमवार. लातूर
दादाला दाखल केलं. डॉक्टर तरुण आहेत, शांत बोलतात. पायाच्या नसा बधिर झाल्यात. विचारलं, कधीपासून? दादा म्हणाला, "आठेक दिवस झाले असतील." मी पिशवीतून वही काढली. दोन्ही रकाने बोटानं दाखवले. म्हटलं, डॉक्टर, नोव्हेंबरात दोन्ही सारखे, आठ डिसेंबरला किल्लारी अर्धा अंश वर, एकोणीसला दोन, चोवीसला साडेतीन, सत्तावीसला साडेचार. त्यांना आधी काही कळेना. पेशंटची बहीण तापमानाची वही घेऊन का आली? मग समजलं तेव्हा त्यांनी वही हातात घेऊन नीट बघितली.
"तेव्हाच आणायला हवं होतं," म्हणाले. रागावून नाही. साधंच.
माझ्याच अक्षरात होतं सगळं. रोज लिहीत होते. उसाला दोष दिला, पाण्याला दिला, गोविंदरावांशी भांडले. त्याच्या पायात काही झालं असेल असं एकदाही मनात आलं नाही. रोज सकाळी वहिनीचे गुडघे विचारायचे मी. त्याचे पाय कधीच नाही.

७ जानेवारी, बुधवार. लातूर
जखम खोल गेलीय. अंगठा ठेवायचा की काढायचा, सोमवारी ठरवणार. थोडी जरी जाणीव परत आली आणि जखम आटोक्यात राहिली तर ठेवतील.
ह्यांचा फोन दिवसातून चार वेळा. थंडीवरून एक शब्द टोमणा नाही. म्हणाले, "केळीची काळजी करू नको, तू तिथंच राहा." गोविंदराव उमरीहून मोसंबी घेऊन आले. दादासमोर स्टुलावर बसून मोसंबी सोलत राहिले. शेवटी म्हणाले, "दादा, ॲपपेक्षा तुमचाच पाय बरा होता." दादा खदखदून हसला. पहिल्यांदा हसला या चार दिवसांत.
मग दोघं जुन्या गावच्या थंडीवर बोलत बसले. बैलांच्या पाठीवर झूल, तोंडातून वाफ, आंघोळीला चुलीपुढे नंबर. मी ऐकत होते. वाटलं, ह्या गप्पा आम्ही फोनवर इतकी वर्षं का नाही मारल्या? बारा, साडेबारा, ठिव आता.

९ जानेवारी, शुक्रवार. लातूर
डॉक्टर रोज बारीक दोरा टेकवून बघतात. डोळे मिटा, लागलं की सांगा. दादा डाव्या पायाला बरोबर सांगतो. उजव्याला कधी सांगतो, कधी नाही. डॉक्टर मान हलवतात, त्यावरून काही कळत नाही. वहिनीला म्हणाले, बघू.
मी अनिलकडेच उतरलेय; त्यानं नवा तापमापी आणून दिला, घराच्या गॅलरीत लावा म्हणाला. खोक्यातच आहे.

१० जानेवारी, शनिवार. लातूर
सकाळी सहाला दवाखान्यात गेले. आज फोन करायचा नव्हता, माणूसच समोर. वहिनी चहा आणायला खाली गेली होती. बाहेर गारठा होता, माझे हात गार पडलेले. म्हटलं, दादा, आज मी बघू का? डोळे मीट. पायाला हात लावते, गार लागलं की सांग.
त्यानं डोळे घट्ट मिटले, पोरासारखे. मी खुर्ची ओढून त्याच्या उजव्या पायाशी बसले. पांघरूण बाजूला केलं.
"हाव," दादा म्हणाला. "लई गार हायेत गं सुमे तुझे हात."
मी अजून हात लावलाच नव्हता.
म्हटलं, "मग चांगलंय की."