खाली म्हणजे रिकामं

वाटूर फाटा,
१९ जानेवारी १९८७

प्रिय अक्का,

तुझी दोन पत्रं आणि दाजींचं एक कार्ड येऊन पडलंय, आणि मी रोज 'आज लिहितो, आज लिहितो' करून टाळून राह्यलो. पहिल्या दिवशी पेनात शाई नव्हती. दुसऱ्या दिवशी शाई आणली, तर परतूरच्या गाडीचं टायर फाट्यावरच बसलं. बघायला म्हणून गेलो आणि दोन घंटे जॅक धरून बसलो. तिसऱ्या दिवसाला काहीच कारण नव्हतं, खोटं कशाला सांगू. तू लिहिलंस की सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणात माझा सत्कार आहे, काकासाहेब सरपंचांनी पत्रिका छापल्यात, तू माझ्यासाठी सदरा शिवून ठेवलाय. 'येतोस का न्हाई एवढं एका ओळीत कळव, मला गावात तोंड दाखवायचंय.' अक्का, ते एका ओळीत मावत नाही, म्हणून हा उशीर.

मी इथं खुशाल आहे. द्वारकाबाईच्या हॉटेलात भजी तळतो, चहा करतो. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि वर पत्रे, पण जागा अशी की जालन्याची, मंठ्याची, परतूरची, सगळ्या गाड्या समोरून जातात. मला आधी वाटलं होतं, इतक्या गाड्या दिसल्यावर आपण आठ दिवसांत एखादीत बसून जाणार. पण सव्वा महिना झाला, बसलो नाही. एक ड्रायव्हर आहे, मंठ्याचा. माझा चहा प्यायला गाडी पाच मिनिटं लेट करतो आणि पॅसेंजर त्याला शिव्या देतात. द्वारकाबाई म्हणते, "धर्मा, तुझ्या पायाला भिंगरी असू दे, हाताला चव हाय." सकाळी धुकं असतं, तेल तापलेलं असतं, मिरच्या चिरताना मी गाणी म्हणतो. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. त्याचंही कारण आहे, तेच सांगून राह्यलो, फक्त मधेमधे भरकटतो ते सांभाळून घे.

तिकडचं मी तुला कधी धड सांगितलं नाही. एजंटानं आपल्या जिल्ह्यातले आम्ही बारा जण आखातात नेले, तेव्हा तिथं दोन मुलखांचं युद्ध चालू होतं. आमच्या कंपनीकडं लष्कराच्या विमानतळावर नाल्या खोदायचं काम होतं. बारांत शिकलेला एकच, दीनानाथ. इथला, वाटूरचा. मॅट्रिक पास, हिंदी लिहायवाचायला पक्का. तुला माझी पहिली पाच-सहा पत्रं आली ना, ज्यावर तू दाजींना म्हणालीस की धर्माचं अक्षर तिकडं जाऊन सुधारलं, ते अक्षर त्याचं. आमच्यापैकी कुणी काही चुकीचं बोललं की तो चिडायचा आणि "अहो शहाणे!" म्हणून सुरुवात करायचा. आम्ही मुद्दाम चुकायचो.

एक दिवस आमचा सुपरवायझर खाजाभाई, हैदराबादचा माणूस, पांढरा रंग घेऊन आला. धावपट्टीच्या टोकाला मोठा चौकोन रंगवा म्हणाला, मेहमान येणार आहे. आम्ही चेष्टा केली, "पाव्हणे पोरगी बघायला येऊन राह्यले का?" दीनानाथ म्हणाला, "अहो शहाणे, पोरगी बघायला नाही, विमान द्यायला येतोय." झालं असं होतं की तिथल्या गुप्त खात्याच्या एका साहेबानं दुश्मनाच्या एका वैमानिकाला फितवलं होतं. तो आपलं विमान घेऊन पळून येणार आणि आमच्या विमानतळावर उतरणार. नाव गुप्त खातं, पण रंगाऱ्यापासून भटारखान्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. त्याच्यासाठी वेगळं मटण शिजत होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. केशर घातलेला भात होता. आता भाताचं सांगत बसत नाही.

पण तो वैमानिक फितलाच नव्हता. पहिल्या दिवसापासून तो सगळं आपल्या साहेबांना सांगत होता आणि ते त्याला पढवत होते. त्यांना विचार, कोणत्या पट्टीवर उतरू? दिवे कुठून कुठपर्यंत लावाल? तुमची विमानं मधे आडवी तर नसतील? आणि आमच्या बाजूचा तो गुप्त खात्याचा साहेब खुशीत उत्तरं देत होता. विमानं मधे नकोत म्हणून सगळी एका बाजूला रांगेनं लावून ठेवली, वर दिवे. हे मला नंतर खाजाभाईनं दवाखान्याच्या तंबूत सांगितलं, कपाळावर हात मारून घेत. ठरल्या दिवशी दिवस मावळता मावळता विमान यायचं होतं. विमानाच्या जागी क्षेपणास्त्रं आली. आम्ही रॉकेट म्हणायचो, क्षेपणास्त्र हा शब्द मला पेपरात भेटला.

आता नीट वाच. पहिलं पडायच्या काही मिनिटं आधी खाजाभाईला कुठून तरी फोन आला. तो पत्र्याच्या शेडकडं पळत आला आणि ओरडला, "खाली! खाली करो! जल्दी!" गेटापाशी ट्रक उभा होता, दुसऱ्या शेडची माणसं त्यात चढत होती. त्याला म्हणायचं होतं, शेड रिकामं करा आणि ट्रकमध्ये बसा. त्याच्या बोलीत खाली म्हणजे रिकामं. मला कळला तो आपला खाली. खाली म्हणजे खाली, जमिनीत. समोर आम्हीच खोदलेली नाली होती, डोक्याएवढी खोल. मी ओरडलो, "आरं खाली म्हणतंय त्यो, खाली उतरा!" आणि उडी मारली. माझ्यामागं दहाही जण धपाधप. दीनानाथ तेवढा ट्रककडं गेला, कारण त्याला बराबर कळलं होतं. तो ट्रकमध्ये चढला, मागं बघितलं, आम्ही नाही. तर तो उतरला. उतरून आम्हाला घ्यायला परत आला, पळत, हात हलवत, "अहो शहाणे, खाली म्हणजे रिकामं! रिकामं!" मी नालीतून डोकं वर काढून त्याला बघत होतो. तो मधल्या मोकळ्या जागेत असताना पहिलं पडलं.

ट्रक सुखरूप बाहेर गेला, अक्का. त्यातला एकही माणूस खरचटला नाही. नालीतले आम्ही अकरा मातीनं भरलो, पण वाचलो. गेला तो एकटा दीनानाथ, आणि गेला आमच्यासाठी, म्हणजे माझ्यापायी.

त्यानंतरचं पत्र मी माझ्या हातानं लिहिलं होतं, वाकड्या अक्षरात. त्यात एवढंच होतं, 'मी सगळ्यांना खाली नेलं म्हणून वाचलो, दीनानाथ गेला.' तू ते काकासाहेबांना वाचून दाखवलंस, त्यांनी भोकरदनला कुण्या पेपरवाल्याला दिलं, आणि छापून आलं की पिंपळगाव रेणुकाईच्या जवानानं प्रसंगावधान राखून दहा जणांचे प्राण वाचवले. जवान! मी नाली खोदत होतो. तुझी चूक नाही, तुझा जीव हरखला होता. पण बाकीची भर लोकांनी घातली. धर्मानं डोकं शांत ठेवलं, आणि तो वाटूरचा शिकलेला पोरगा भेदरून सैरावैरा पळाला म्हणून मेला. मी परत आलो तेव्हा हे सगळीकडं ऐकलं. कुठल्याही हॉटेलात बसलं की चहा फुकट, वर पाठीवर थाप. मी गप बसलो. आधी लाजेनं, आणि खरं सांगू, मंग आवडायला लागलं म्हणून. आवडायला लागल्यावर मला माझीच भीती वाटली आणि मी गावातून निघालो. नांदेड, बल्लारशा, तिथून एका सर्कशीच्या तंबूवाल्यांबरोबर थेट रायपूर. तू म्हणायचीस याचं कुठं बूडच टेकत नाही. कसं टेकणार?

डिसेंबरात सर्कस मोडली, मी जालन्याला आल्तो. तुझ्याकडं येणाऱ्या गाडीत बसायचं सोडून वाटूरच्या गाडीत बसलो. दीनानाथची आई इथंच राहते, अरुंधतीबाई. वडील आधीच वारलेले. बाई घरी मुलींना हिंदीच्या परीक्षांचं शिकवतात. तो हिंदीत पक्का का होता ते तेव्हा कळलं. पण महिनाभर माझी हिंमत झाली नाही. भजी तळत बसलो. एकदा द्वारकाबाई सहज म्हणाली, "ती बाई कुण्या लग्नाकार्याला जात न्हाई बघ. एका पंगतीत कुणीतरी म्हणलं, तुमचं पोरगं भेदरलं व्हतं म्हणे. तवापासून गाव सोडून यष्टीत पाय न्हाई ठिवला." त्या दिवशी माझी भजी करपली.

गेल्या रविवारी सकाळी गेलो. बाई ओसरीत हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे वाचवणारा तो तूच." मी म्हणालो, बाई, मी वाचवणारा नाही, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, तुला वर लिहिलं तसंच. त्यांनी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तो नेमकं काय म्हणाला, ते पुन्हा सांग." मी सांगितलं. "अहो शहाणे म्हणाला?" म्हणालो, हो. "बरोबर आहे त्याचं. हिंदीत 'खाली' विशेषण आहे. तू क्रियाविशेषण धरलंस." मला काही कळलं नाही, मी मान हलवली. मंग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पदराला पुसत बसल्या. म्हणाल्या, "तीन वर्षं मला वाटत होतं, माझं पोर शेवटी घाबरलेलं होतं." मी म्हणालो, "न्हाई बाई, घाबरलेला नव्हता. चिडलेला होता." तर त्या हसल्या, अक्का. रडतारडता हसल्या. "चिडणारच! कुणी अर्थ चुकवला की तो जेवणावरून उठायचा." आणि एकदम माझ्यावर कडाडल्या, "आणि हे सांगायला तुला तीन वर्षं लागली? पाय मोडले होते का?" मंग घाट्यांचं सूप माझ्याकडं सरकवलं, सोल म्हणाल्या. सोलत बसलो. तेव्हापासून रोज दुपारी जातो. त्या मुलींबरोबर मलाही हिंदीला बसवतात. सातवीच्या पोरी माझ्या पाटीकडं बघून फिदीफिदी हसतात. हसू देत. मला रात्री झोप लागायला लागली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सव्वीस तारखेला मी येतो. पण सत्काराला नाही. हे पत्र आधी दाजींना वाचून दाखव, मंग तूच जाऊन काकासाहेबांना. पत्रिकेवर माझं नाव आहे ते खोडायला लावा आणि तिथं दीनानाथचं घाला. मी खुर्चीवर बसणार नाही, हार घेणार नाही. माईकपुढं उभा राहून एवढंच सांगणार की त्याला बराबर कळलं होतं, मला नाही, आणि कळूनसवरून तो आमच्यासाठी मागं फिरला. काकासाहेब नाही म्हणाले तर पटांगणात खाली उभा राहून सांगीन. तुला तोंड दाखवायचं होतं, आणि मी हे करून राह्यलो. चार दिवस बाया पाणवठ्यावर तुला टोचतील, ते सोस माझ्यासाठी. शाल द्यायचीच असेल तर ती बाईंची. मी त्यांना काल विचारलं, चला माझ्यासोबत. म्हणाल्या, "मी कुठं जात नाही. तू सांगितलंस, मला पोचलं." म्हणून शाल मीच इकडं आणीन.

एवढं लिहून कागदाची घडी घालत होतो, तर द्वारकाबाईनं बाहेरून हाक मारली, "धर्मा, आरं बघ तरी कोण आलंय!" अरुंधतीबाई! हातात पिशवी, अंगावर इस्त्रीचं लुगडं, फाट्यावर उभ्या राहून जालन्याची गाडी कधी म्हणून विचारून राह्यल्यात. मी पळत गेलो, म्हणालो, बाई, कार्यक्रमाला अजून आठवडा आहे. म्हणाल्या, "ठाऊक आहे. तुमच्या सरपंचांना मी आधी भेटते. तू माईकवर व्याकरण चुकवशील. लिहिलंयस का काही? दे इकडं, मी पोचवते. आणि सव्वीसला ये, नाहीतर बसशील रायपूरच्या गाडीत." म्हणून तिकीट लावत नाही, हे त्यांच्याच हाती देतो. तू वाचशील तेव्हा त्या तुझ्यासमोर बसलेल्या असतील. त्यांना चहा बिनसाखरेचा लागतो. मंठ्याकडून जालन्याची गाडी येताना दिसून राह्यली.

तुझाच,
धर्मा