जीप भरेपर्यंत

११ जानेवारी, रविवार
कर्जतच्या अभ्यासकेंद्रात तिसरा तास. मानसशास्त्राचा पेपर, 'प्रेरणा आणि भावना'. पुढे नुसतं प्रे.भा. लिहीन. मॅडमनी भावनांच्या नोंदी तपासून परत दिल्या. आठवडाभर, दिवसातून तीनदा, त्या क्षणी काय वाटतंय ते एका शब्दात लिहायचं होतं. माझ्या एकवीस रकान्यांत एकवीस वेळा 'ठीक'. खाली लाल पेनाने: ठीक ही भावना नाही.

शेजारी प्रणाली बसते. लोधिवलीची, बावीस वर्षांची, स्कूटीवरून येते. तिने वाकून वाचलं. "काकू, तुमचं 'ठीक' म्हणजे आमच्या मम्मीचं 'काय नाय'. ती रडताना पण काय नाय म्हणते." दोघी हसलो. मी कशेळ्याहून येते, म्हणून वर्गाच्या ग्रूपवर माझं नाव 'काकू कशेळे' आहे म्हणे.

मॅडम म्हणाल्या, रकाने भरता येत नसतील तर वहीत मोकळं लिहा, ती कुणी तपासणार नाही. म्हणून ही वही.

१२ जाने., सोम.
शाळेत दिवसभर दाखले. लिपिकाला जानेवारीत दुसरं काही नसतं. ह्यांचा फोन साडेआठला, रोजच्यासारखा. जेवलीस का, हो, तुम्ही, हो, थंडी आहे का, आहे. दोन मिनिटं अकरा सेकंद.

कंपनीने कुंभिवलीतला ह्यांचा विभाग गुजरातला नेला त्याला दोन वर्षं होतील. मी इथली नोकरी आणि घर सोडून गेले नाही. त्यांनीही ये म्हटलं नाही. भांडण झालं नाही. दोघंही समजूतदार.

१४ जाने.
संक्रांत. तिळाच्या वड्या केल्या. आम्हाला मूल नाही, त्यामुळे दरवर्षी उरतात. शाळेत वाटल्या, वाटीभर शेजारच्या तारामावशीला. सत्तरी उलटलेली बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही मुलगे डोंबिवलीला. वाटी घेताना म्हणाली, "ग्वाड बोल म्हनतेस, पन बोलाया येतेस कवा?" हसत म्हणाली. तरी मनात राहिलं.

१७ जाने., शनि.
प्रे.भा.चा प्रकल्प: एका ज्येष्ठ व्यक्तीकडून एकाकीपणाची प्रश्नावली भरून घेणे, मग मुलाखत, शेवटी तोंडी परीक्षा. मावशीलाच गाठलं. ती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. मी पेन काढून बसले. पहिला प्रश्न वाचला, तुम्हाला एकटं वाटतं का, आणि चार पर्याय: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी.

तिचा हात थांबला. "नाय."

पुढचा. नाय. त्याच्या पुढचा. नाय. वीसच्या वीस. शेवटचे पाच तर पूर्ण ऐकलेही नाहीत. मग सूप उचलून आत गेली.

घरी येऊन बेरीज केली. शून्य. 'उत्तरदात्यास एकाकीपणा नाही' असा निष्कर्ष लिहून टाकला. लिहिताना हेवा वाटला. हा शब्द रकान्यात चालला असता.

१९ जाने., सोम.
मावशीने वाटी परत केली. रिकामी. आमच्या आळीत वाटी रिकामी परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, दोन मिरच्या, काहीतरी असतंच. ही स्वच्छ धुऊन माझ्या पायरीवर पालथी ठेवली होती. हाकसुद्धा मारली नाही.

काय चुकलं कळत नाही.

२० जाने.
ह्यांचा फोन आज सहा मिनिटं. कंपनीने विचारलंय. तिकडे आणखी तीन वर्षं राहायचं, नाहीतर परत यायचं. परत आलं तर कुंभिवलीच्या गोदामात, हुद्दा एक पायरी खाली. फेब्रुवारीअखेर फॉर्म भरून द्यायचाय.

"तुझं काय म्हणणं?"

म्हटलं, तुमचं तुम्ही बघा.

"तुला जमतंय ना एकटीला?"

म्हटलं, माझं ठीक आहे.

फोन ठेवल्यावर लाल पेन आठवलं. हे आता परत येणार की नाही, ते माझ्या या 'ठीक'वर ठरणार आहे. त्यांनाही ते माहीत आहे बहुतेक. आणि तरी मी

२५ जाने., रवि.
वर्गात शून्य दाखवलं. मॅडम म्हणाल्या, शून्य कुणाचंच येत नाही, प्रश्न कसा विचारलात तसा इथे विचारा. मी विचारला. प्रणालीने कपाळाला हात लावला. "अहो काकू, गावात बाई एकटी म्हणजे नवऱ्याने टाकलेली."

वर्ग हसला. मी पण. पण कानशिलं गरम झाली. वीस वर्षं इथे राहतेय, मला हे माहीत नव्हतं असं नाही. छापील प्रश्न हातात होता म्हणून डोक्यातून गेलं. म्हणजे मी त्या बाईच्या ओटीवर बसून, पेन उघडून, वीसदा विचारलं की तुला टाकलंय का.

२८ जाने., बुध.
शाळेच्या कामाने कर्जतला निघाले. कशेळ्याच्या नाक्यावर जीप लागली होती, आत तारामावशी. मधल्या सीटवर, मांडीवर पिशवी. मी मागे बसले. तिने पाहिलं आणि बाहेर बघायला लागली. हळूहळू माणसं आली, जीप भरली. ड्रायव्हर म्हणाला, चला मावशी. ती मुकाट उतरली. मागे दुसरी रिकामी जीप उभी होती, तिच्यात जाऊन बसली.

मला काही कळेना. ड्रायव्हर सांगत होता, "मोकळ्या गाडीत कोन चढत नाय ताई. मावशी बसली का चार येतात. आमी चहा पाजतो तिला." रोज येते म्हणे. साडेनऊ ते अकरा. जात कुठेच नाही.

उतरताना पिशवी हलली तेव्हा दिसलं, आत काही नव्हतं.

प्रे.भा.च्या पुस्तकात बाण काढलेत. गरज, मग वर्तन, मग समाधान. कर्जतपर्यंत तेच बाण डोळ्यांपुढे होते.

२९ जाने., गुरु.
शाळा सुटल्यावर त्याच वाटीत आवळ्याचं लोणचं घेऊन गेले. म्हटलं, मावशी चुकलं, मला तसं विचारायचं नव्हतं. ती बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी उंबऱ्यावर बसले. आज वही नाही, पेन नाही. मग जे पहिल्यापासून विचारायला हवं होतं ते विचारलं.

"मावशी, करमतं का?"

तिने नाक पुसलं. "आता इचारलंस माणसासारकं."

मग बोलत राहिली. मुलं चांगली आहेत, सुना बोलावतात, दोनदा जाऊन आली. तिथे खिडकीतून समोरची खिडकी दिसते, आठव्या दिवशी परत आली. इथे सगळं आपलं आहे पण सकाळी दार उघडलं की बोलायचं कुणाशी. मी जीपचं विचारलं नव्हतं. तिनेच काढलं. "जीपमंदी कोनतरी म्हनतं, सरका मावशी. तेवडं तरी म्हनतं."

आणि मग एकदम, "आन तुला गं? तुला करमतं?"

म्हटलं, शाळा असते, आता अभ्यास आहे.

"त्ये नाय इचारलं."

उठलेच. वाटी तिने थांबवून हातात दिली, चिंचेचे दोन गोळे घालून.

१ फेब्रुवारी, रवि.
वर्गात एक तास एकाच शब्दावर. करमणं. मॅडमनी फळ्यावर दोन रकाने केले, प्रेरणा आणि भावना, आणि म्हणाल्या, टाका कुठे टाकायचा तो. कोणी म्हणालं, ही भावना, म्हणजे बोअर होणं. प्रणाली नाही म्हणाली. "बोअर झालं की मोबाईल घेतो. करमत नसलं की मोबाईलपण नको होतो." मॅडमना ते आवडलं. त्या म्हणाल्या, गंमत बघा, मी रागावते, मी घाबरते, पण 'मी करमते' असं म्हणता येत नाही. हे आपण करत नाही. 'मला' होतं, नाहीतर होत नाही.

शेवटी शब्द दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर लिहिला.

परतीच्या जीपमध्ये तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. मला करमत नाही. शेजारच्या बाईने वळून पाहिलं.

५ फेब्रु.
फोन. आज मी सांगणारच होते. 'मला' इथपर्यंत आले. ते म्हणाले, काय? म्हटलं, मला पण थंडी वाजतेय इथे.

बावळट.

९ फेब्रु.
फॉर्मचा विषय तेही काढत नाहीत. महिना संपत चालला. मी गप्प राहिले तर तीन वर्षं. तोपर्यंत मी अठ्ठेचाळीस, ते बावन्न. दोन मिनिटं अकरा सेकंद गुणिले तीन वर्षं. मी गणित केलं नाही.

१२ फेब्रु., गुरु.
म्हटलं. त्यांनी जेवलीस का विचारलं त्याच्या उत्तरातच.

"मला करमत नाही."

पलीकडे टीव्ही बंद झाला. "कधीपासून?"

"दोन वर्षं."

मला वाटलं आता म्हणतील, येतो. ते हळू बोलले, चोरी कबूल करावी तसे.

"मला आता करमायला लागलंय गं इथं."

पहिलं वर्ष वाईट गेलं म्हणाले. जेवलो म्हणायचे आणि जेवलेले नसायचे. मग शेजारच्या खोलीतल्या दोघांबरोबर संध्याकाळी फिरायला जायला लागले. कोणाच्या तरी मुलीला गणित शिकवतात. रविवारी चौघे मिळून स्वयंपाक करतात, ह्यांच्याकडे भात. ह्यांना भात येतो हे मला आज कळलं. सांगितलं का नाही विचारलं, तर म्हणाले, तू तिथे कशी असशील म्हणून जीव होईना सांगायचा.

सत्तावीस मिनिटं.

१३ फेब्रु.
राग शोधला. नाही. मत्सर थोडा, त्या भाताचा. बाकी जे आहे त्याला नाव सापडत नाही. दोन वर्षं दोघं एकमेकांना ठीक आहे सांगत होतो, आणि दोघंही खोटं बोलत होतो. ते आधी दुःखी होते तेव्हाही, नंतर नव्हते तेव्हाही.

आणि आता हे आहे. त्यांना इथे बोलावलं तर मला करमेल, त्यांना नाही. आजपर्यंत मला वाटत होतं, खरं बोलले की प्रश्न सुटेल. खरं बोलल्यावर तर तो सुरू झाला.

१५ फेब्रु.
प्रकल्प पुन्हा लिहिला. शून्य खोडलं नाही. खाली लिहिलं, प्रश्न चुकीचा विचारला होता. मग नाक्यावरच्या जीपबद्दल एक पान. मावशीला वाचून दाखवलं, नाव बदलून. ऐकून म्हणाली, "त्या बाईला अजून कुनी नेलं नाय व्हय कर्जतला?" मी म्हटलं, चला माझ्याबरोबर एका रविवारी. "तुज्या शाळंत? मला काय नापास करतीस?"

१८ फेब्रु., बुध.
फोन. फॉर्मवर सही केलेली नाही म्हणाले. रविवारी येतोय, फॉर्म घेऊन, समोर बसून बोलू. सकाळच्या गाडीने, दहापर्यंत कशेळे.

रविवारी माझी तोंडी परीक्षा आहे. पूर्वीची मी असते तर परीक्षा बुडवली असती, आणि ते सांगितलंही नसतं. आज म्हटलं, मी दोनपर्यंत येते.

"मग दहा ते दोन मी काय करू?"

"बसा. वाट बघा."

हसले. मी पण. फोन कोणी ठेवला नाही.

२१ फेब्रु., शनि.
उद्याची तयारी झाली नाही. पुस्तक उघडलं की एकच पान. चादरी बदलल्या, मग वाटलं पाहुण्याला बदलतात तशा बदलतेय, म्हणून जुन्याच पुन्हा घातल्या. तांदूळ काढून ठेवले. करतील का ते, सांगता येत नाही. विचारीन.

त्यांच्या तोंडून 'तीन वर्षं' असं आलं तर मी काय म्हणायचं, ते अजून ठरत नाही. मी नाही म्हटलं तर त्यांना काय देणार आहे इथे? गोदाम आणि मी. नोकरी सोडून मीच गेले तर? त्यांनी अजूनही ये म्हटलेलं नाही. मीही विचारलेलं नाही, येऊ का.

संध्याकाळी किल्ली द्यायला तारामावशीकडे गेले. सांगितलं, हे येतायत सकाळी, मी नसेन, दार उघडून द्या, चहा विचारा. तिने किल्ली कनवटीला लावली.

"ऱ्हायला येतोय, का भेटायला?"

म्हटलं, ते मला पण उद्याच कळेल.