तिसऱ्या रांगेतला डबा

सोमवार, ६ जानेवारी
आले बाई एकदाची ठाण्याला. घोडबंदर रोडवर एकविसावा मजला, खिडकीतून खाडी दिसते. संदेशने गॅसवाल्याची डायरी दिली, म्हणाला, आई, चौथी शिकलीस ना, लिही कायतरी. नात निशा चार वर्षांची, कडेवरून उतरतच नाही. सूनबाई विनिता कोलशेतच्या कंपनीत माल तपासते. तिथे म्हणे बियांची पावडर करतात. ती घातली की तेल-पाणी वेगळं होत नाही, आइस्क्रीम गुळगुळीत होतं. गावी शेजारच्या शीलाला सांगितलं तर ती हसेल.

मंगळवार, ७ जानेवारी
आज स्वयंपाकघर लावलं. सगळं सामान पाकिटात, वर रबर. बघवेना. माजिवड्याहून स्टीलचे तीस डबे आणले, पाकिटं फोडून ओतली, कागद कचऱ्यात. वरच्या फळीवर मागे एक जाड पाकीट होतं, वर चिठ्ठी चिकटवून सह्या, सगळं इंग्रजी. पण हिरवा ठिपका होता, म्हणजे शाकाहारी, एवढं मला कळतं. आत पिवळसर पावडर, बोटाला तुपासारखी लागते. तिला तिसऱ्या रांगेत डबा दिला. विनिता दमून आली, म्हणाली, आई, दुकानच मांडलंत की. माझी छाती फुगली.

गुरुवार, ९ जानेवारी
शेवयांच्या खिरीत ती पावडर चार चमचे घातली. साय धरली नाही, दूध फुटलं नाही, अशी दाट खीर जन्मात केली नव्हती. निशाने दोन वाट्या खाल्ल्या. मला साखर आहे, मी चाखत नाही. आता रोज करायची, तसं तिला कबूल केलंय.

शनिवार, ११ जानेवारी
निशाच्या अंगावर पित्त उठलं, ओठ सुजला. आमसुलाचं पाणी लावलं. पोर जेवेना, खीर मात्र खाल्ली. आजीच्या हातची ना.

सोमवार, १३ जानेवारी
सूज डोळ्यांपर्यंत. डॉक्टरांनी विचारलं, "घरात नवीन काय आलं?" मी म्हटलं, "नवीन मीच आलेय." सगळे हसले. बाहेरचं काही दिलं नाही, असंही सांगितलं. ते खरंच होतं. गोळ्या दिल्या. घरी येऊन विनिताने पाकिटं मागितली, तिला वर लिहिलेलं वाचायचं होतं. कचरा तर केव्हाच गेला. ती नुसती डब्यांपुढे उभी राहिली.

मंगळवार, १४ जानेवारी
सणाचा दिवस. विनिता वरची फळी धुंडाळत होती. म्हणाली, ते सह्यांचं जाड पाकीट कंपनीचा नमुना होता. बाहेरगावी ती पावडर खाऊन दोन पोरांचे घसे सुजले. मालकाने सगळ्यांसमोर चमचाभर खाऊन दाखवली, बघा, मला काय होतंय. बाकीचा माल त्याने हलवला. सरकारी तपासणीला द्यायला हा एवढाच राहिला होता. ती जमिनीवर बसून रडली. मला विचारलं, आई, तुम्ही पाहिलंत का.
नाही म्हटलं. कसं म्हटलं —

बुधवार, १५ जानेवारी
सगळे गेल्यावर डबा काढला. कोरडी दोन चमचे खाल्ली. घड्याळ समोर ठेवून बसले. एक तास. दोन तास. जीभ नीट, घसा नीट, अंगावर काही नाही.
म्हणजे पावडर नव्हे. माझ्या हाताने नाही झालं. देवापुढे साखर ठेवली.

गुरुवार, १६ जानेवारी
गोळ्यांनी सूज उतरली. पण दोन दिवस पोटात काही नाही. पातळ खीर दिली, थुंकली. आजी, ती वाली दे.
मी खाऊन बघितलं होतं. एकच चमचा घातला. एकच.
वाटी संपायच्या आत पोरीने गळ्याला हात लावला. आवाज येईना. माझ्याकडेच बघत होती —

गुरुवार, संध्याकाळ
संदेश-विनिताने तिला माजिवड्याच्या दवाखान्यात नेलं. मला घरी ठेवलं. वाटी तशीच ओट्यावर.
संदेशचा फोन आला. डॉक्टर विचारतात काय खाल्लं, लवकर सांग. मी म्हटलं खीर. फक्त खीर? हो म्हटलं.

परत वाजतोय. विनिता. डबा मांडीवर आहे. तळाला अजून आहे थोडी —
सांगते. हात उचलवत नाही.
थांबला.
आता वाजला की सांगते. पहिलं तेच सांगते.
वाजत नाहीये.
विनिता, तिसऱ्या रांगेतला तो डबा, तो मी —